कुंदाआत्यानं निवडलेली होडी

होड्या विकणाऱ्या मिनेझिसनी ताडपत्री ओढली आणि जेटीवर जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदमच 'आहा' निघालं. होडी लालभडक होती. वर काळी कमान, कमानीला स्पीकर, आत पांढऱ्या गाद्या. ट्रेलरवर उभी होती तरी आत्ताच धावत सुटेल अशी वाटत होती.

"बघा ताई," मिनेझिस म्हणाले. "अख्ख्या किनाऱ्यावर अशी दुसरी नाही."

कुंदाआत्यानं ना कमानीकडे पाहिलं, ना गाद्यांकडे. ती सरळ ट्रेलरच्या मागे गेली, ओढणी कमरेला खोचून खाली वाकली, क्षणभर काहीतरी पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"नको," ती म्हणाली.

मिनेझिसनी दाखवलेली ही चौथी होडी होती. आधीच्या तिन्हींचं असंच झालं होतं. मागे जायचं, वाकायचं, 'नको' म्हणायचं. कारण विचारलं तर, "माका आवडली नाय," एवढंच. मिनेझिस दर वेळी म्हापशाहून ट्रेलर ओढत देवबागला यायचे आणि दर वेळी हात हलवत परत जायचे. चौथ्यांदा मात्र त्यांचा चेहरा पडला.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. बाबा पुण्यात नोकरीला होते म्हणून मी तिथं वाढले, आणि आत्या लग्न होऊन हर्णैहून देवबागला आली ती तिथलीच झाली. आमच्याशी ती पुस्तकी मराठी बोलायची, पण चिडली किंवा हळवी झाली की मालवणीवर जायची. तिचे यजमान गेल्यावर खाडीतला पर्यटकांचा धंदा तिनंच सांभाळला. तिची माणसं केळ्याच्या आकाराच्या होडीवर लोकांना बसवून खाडीत फिरवायची, जेट स्की चालवायची. आत्या मात्र गळ्यात शिट्टी घालून दिवसभर जेटीवर. कुणी जॅकेटचा बंद सैल ठेवला की तिची शिट्टी वाजलीच. ती स्वतः पाण्यात कधीच उतरत नसे. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की सारंगांच्या कुंदाला पोहता येत नाही. डावा पाय ती किंचित ओढत चालायची. तो जन्मापासूनच तसा असावा असं मी धरून चालले होते.

नोकरी सोडून मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच वेड होतं. होडीमागे दोरी धरून फळीवर उभं राहायचं आणि होडीनं पाडलेल्या लाटेवरून उड्या मारायच्या, ते वेकबोर्डिंग मी एका तलावावर शिकले होते. आता मला हवं होतं त्याच्या पुढचं वेकसर्फिंग. त्यात होडी सावकाश जाते, एका अंगाला पाणी भरून ती कलती करतात, म्हणजे मागे मोठी गुबगुबीत लाट उठते. त्या लाटेत नीट बसलं की दोरी टाकून द्यायची. मग दोरी नाही, काही नाही. लाटच माणसाला ढकलत नेते, होडीच्या मागे अगदी चार-पाच हातांवर. कोकणात हे कुणीच करत नव्हतं. आपण करायचं, असं मी आत्याला म्हटलं.

"करूया," ती चटकन म्हणाली होती. "पण होडी मी निवडणार."

तिनं इतक्या पटकन होकार का दिला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तर त्या दिवशी चौथ्या 'नको'नंतर माझा धीर सुटला. "आत्या, निदान पाण्यात तरी घालू दे ही होडी. न चालवताच नको काय म्हणतेस?"

तिनं खोचलेली ओढणी सोडून झटकली. "बरं. घाला. पण मी होडीत बसणार."

मी चकित झाले. तिला होडीत बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. आमचा जुना होडीवाला बाबल मेतर यानंसुद्धा मान वळवून पाहिलं.

भरती भरत आली होती. मिनेझिस सुकाणूवर बसले, आत्या त्यांच्या शेजारी, बाबल मागे दोरी सांभाळायला. पहिल्यांदा मी वेकबोर्ड पायात अडकवला. लांब दोरी, जोरात वेग. लाल होडीनं पाणी असं चिरलं की मी दोन्ही बाजूंच्या लाटांवरून मनसोक्त उड्या मारल्या. कमानीला बांधलेली दोरी वरून ओढत होती, त्यामुळे हवेत जास्त वेळ राहता येत होतं. मी ओरडत होते, बाबल टाळ्या वाजवत होता. आत्यासुद्धा हसत होती.

"आता सर्फिंग!" मी म्हटलं.

"ह्या होडीवर दोन्ही चालतं," मिनेझिस म्हणाले.

त्यांनी एका बाजूच्या पिशव्यांत पाणी भरलं. मी फळी बदलली, आखूड दोरी धरली. होडी हळू निघाली, मी उभी राहिले. लाट छान उठली होती. दोरी सैल पडली, मी ती होडीत फेकली आणि लाटेच्या पोटात शिरले. होडीचा मागचा काठ इतका जवळ आला की हात लांब केला असता तर बाबलच्या खांद्याला लागला असता.

आत्या उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मी तिला हात हलवून दाखवायला गेले, फळी जरा डगमगली, आणि तेवढ्यात तिनं मिनेझिसांच्या अंगावरून हात घालून इंजिन बंद करायची लाल दोरी हिसकली.

इंजिन तिथल्या तिथं बंद पडलं. लाट विरली आणि मी फळीसकट पुढं घसरून होडीच्या मागच्या फळ्यांखाली बुडाले. वर येताना माझ्या पायाला काहीतरी गार लागलं. धातूचं. इंजिनाच्या पंख्याचं पातं होतं ते. थांबलेलं.

"आधी तेका बंद ठेव! हात लावू नको!" आत्या मिनेझिसांवर ओरडत होती. "बाबल, तिका वर घे!"

बाबलनं मला ओढून घेतलं.  "मी पडलेसुद्धा नव्हते!" मी म्हटलं.

"पडली असतीस तर?"

"तर काय? सगळेच पडतात! तुला पाण्याची भीती वाटते म्हणून सगळ्यांनी काठावर बसायचं का?"

आत्या वळून पुढं जाऊन बसली. मिनेझिसनी इंजिन चालू केलं, आणि आम्ही जेटीला परत आलो. लाल होडी पुन्हा ट्रेलरवर चढली. आत्या घरी निघून गेली होती.

दुपारी मी घरी गेले तेव्हा ती मागच्या पडवीत पाटावर बसली होती. मला तिनं जवळ बोलावलं. मी बसले. तिनं डाव्या पायाची सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली.

पोटरी अर्धी नव्हतीच. उरलेल्या भागावर तिरके, समांतर, खोल व्रण होते, एकाखाली एक.

"हे पंख्यानं," ती म्हणाली. "पातं एकदा फिरलं की एक. दुसऱ्यांदा फिरलं की दुसरा."

मी त्या व्रणांवर हळूच बोट ठेवलं.

"हर्णैला मी रोज पोहायचे. आमच्याकडे मुली उतरत नसत पाण्यात, पण आबांना कौतुक होतं माझं. काठावरून समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत जायचे आणि तिथून परत. आबा मासे घेऊन येताना मला वाटेत गाठायचे, होडीत घ्यायचे. एकोणीस वर्षांची होते. त्या दिवशी मी होडीच्या मागे आले होते. त्यांना वाटलं मी पुढं आहे. त्यांनी होडी मागे घेतली. मला घ्यायलाच घेतली."

"आबांनी?" माझे आजोबा मला आठवत होते ते अंगणात जाळी विणत बसलेले. ते होडीवर जात नाहीत हे मी पाहिलं होतं. ते म्हातारे झाले म्हणून, असं मला वाटायचं.

"त्यानंतर त्यांनी सुकाणू धरलं नाही. मला कधी पाण्यात जाऊ नको म्हणाले नाहीत. पण मी समुद्राकडे नुसती चालत गेले तरी त्यांचे हात कापायचे. मग मीच सोडलं. लग्न होऊन इकडे आले, इथं कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबालाही बजावून ठेवलं होतं. आबा गेले तेव्हा वाटलं, आता उतरावं. तर उतरवेना. इतकी वर्षं दुसऱ्यासाठी धरलेली भीती माझीच झाली होती."

ती सलवार खाली करत होती. मी तिचा हात धरला आणि विचारलं, "म्हणून तू प्रत्येक होडीच्या मागे वाकून बघतेस?"

"प्रत्येकीचा पंखा मागेच लोंबतो. लांब दोरीच्या खेळाला चालेल. पण तू जे करतेस ते होडीला चिकटून. तिथं पडलं तर पुढं काय, ते मला माहीत आहे." ती थांबली. "ऋता, पंखा पोटाखाली असलेली होडी नसते काय गो?"

असते. मी वाचलं होतं, फोटो पाहिले होते, पण तशी होडी आपल्याकडे कुठं मिळणार म्हणून विचार सोडून दिला होता. इंजिन होडीच्या आत बसवलेलं आणि पंखा मागच्या काठापासून पुष्कळ आत, तळाखाली. मागे पडलेल्या माणसापाशी पंखा पोचतच नाही. खरं तर वेकसर्फिंगसाठी जगभर तशीच होडी वापरतात. मी तिथूनच मिनेझिसांना फोन लावला.

 ते चाचरत म्हणाले, "आहे एक. शेडमध्ये पडलीय. जुनी आहे, रंग उडालाय, गाद्या फाटल्यात. तुम्हाला दाखवायची लाज वाटत होती."

"घेऊन या," आत्या फोनमध्ये डोकं घालून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मिनेझिस ती होडी घेऊन आले. या वेळी जेटीवर कुणी 'आहा' केलं नाही. होडी कधीकाळी निळी असावी. आता ती धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखी दिसत होती. एका गादीतून स्पंज बाहेर आला होता. बाबल माझ्या कानात पुटपुटला, "हिच्यापेक्षा माझी बरी."

आत्यानं पोतं अंथरलं आणि सरळ ट्रेलरखाली आडवी झाली. आम्हाला तिचे फक्त पाय दिसत होते. मागच्या काठापासून पंख्यापर्यंत ती हातानं मोजत होती. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. केसांत वाळू, गालावर ग्रीस.

"माझा हात पुरत नाही," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच 'नको' म्हणाली नाही. "पाण्यात घाला."

पूर्ण भरतीला आम्ही निघालो. खाडीच्या मधल्या खोल पट्ट्यात बाबलनं सुकाणू घेतलं, मिनेझिस त्याला वेग सांगत होते. तळातल्या टाक्यांत पाणी भरलं तशी ती म्हातारी होडी एका अंगावर कलली, मागून जड झाली, आणि तिच्या मागे जी लाट उभी राहिली ती पाहून मिनेझिससुद्धा "अरे देवा" म्हणाले. लाल होडीची लाट तिच्यापुढं पोरकट होती. ही उंच होती, गुळगुळीत, हिरवी, आणि मोडत नव्हती.

मी तिच्यावर गेले. दोरी टाकली. किती वेळ राहिले कुणास ठाऊक. शेवटी मी मुद्दाम पडले, होडीच्या अगदी मागे, जिथं सगळ्यात जास्त भीती तिथं. होडी पुढं निघून गेली, माझ्याभोवती नुसता फेस. वर आले तेव्हा आत्या काठाशी ओणवी होऊन मला शोधत होती. मी हात वर केला. तिनं डोळे मिटले, उघडले.

मी होडीत चढून अंग पुसत होते. आत्यानं बाबलला होडी थांबवायला सांगितलं. मग तिनं ओढणी काढून गादीवर ठेवली. चपला काढल्या. जॅकेट घेतलं आणि बंद एकेक करून आवळले, जसे ती दुसऱ्यांचे आवळायची.

"काय करतलास, वयनी?" बाबलनं विचारलं.

"मी उतरतंय."

 ती मागच्या फळीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. सलवार पाण्यात फुगली. ती तशीच बसून राहिली. खाडीचं पाणी तिच्या पोटऱ्यांवरून जात होतं आणि ती पाण्याकडे बघत होती.

"आत्या, आज नको असेल तर..."

"गप रव," ती म्हणाली आणि आत गेली.

पहिल्यांदा फळी तिच्या पायाखालून निसटली. दुसऱ्यांदा दोरी हातातून सुटली. तिसऱ्यांदा ती अर्धी उठली आणि तोंडावर आपटली. नाकातोंडात पाणी गेलं, खोकत खोकत वर आली. मी वरून सांगत होते, "गुडघे दुमडून ठेव, ओढू नकोस, होडीला ओढू दे." बाबल म्हणाला, "वयनी, पुरे झाला आता." मिनेझिस म्हणाले, "ताई, पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही."

"परत," आत्या म्हणाली.

दर वेळी बाबल होडी लांबून वळवून आणायचा, इंजिन मोकळं करायचा आणि मगच दोरी टाकायचा. तिचा डावा पाय फळीला धरत नव्हता हे मला दिसत होतं. "आत्या, पाय बदल," मी ओरडले. "डावा पुढं ठेव, जोर मागच्या उजव्या पायावर दे!"

तिनं बदलले. होडी हलली. फळी पाण्यातून वर आली, तिच्याबरोबर आत्या वर आली, वाकडी, थरथरती, कोपर बाहेर काढून. आणि उभी राहिली.

"उभी ऱ्हवली!" बाबल सुकाणू सोडून वळणार होता. मिनेझिसनी त्याचं डोकं पुढं फिरवलं.

ती उभीच होती. वाऱ्यानं केस सुटले होते. हळूहळू तिचं अंग सरळ झालं आणि लाटेनं तिला आपल्यात घेतलं. दोरी सैल पडली, मध्ये पाण्याला टेकली.

"सोड!" मी ओरडले. "आत्या, दोरी सोड, आता नको ती!"

तिनं दोरीकडे पाहिलं. मग होडीकडे, होडीच्या मागच्या त्या उकळत्या पाण्याकडे. तिच्या बोटांची नखं पांढरी झालेली मला दिसत होती. काठावर माणसं जमली होती. जाळी सुकवणाऱ्या बायका, हॉटेलातली माणसं, पर्यटक. सगळे बघत होते.

तिनं दोरी भिरकावली. ती येऊन माझ्या छातीवर आपटली.

आणि कुंदाआत्या, वय त्रेपन्न, आमच्या होडीमागे कशालाही न धरता येत होती. दोन्ही हात पसरलेले. ती ओरडत होती, पण काही शब्द नव्हते त्यात. मी रडत होते आणि हसत होते. मिनेझिसनी टोपी काढून हातात धरली होती. बाबलनं होडी इतकी सरळ आणि इतकी हळुवार धरली की जन्मात कधी धरली नसेल.

ती पडली ती पार पलीकडच्या वळणाजवळ. आम्ही वळून आलो, इंजिन बंद केलं, मी शिडी सोडली. आत्या पाण्यात डोकं वर काढून तरंगत होती. तिनं शिडीकडे पाहिलं. मग काठाकडे पाहिलं.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "मी येते."

तिनं फळी माझ्याकडे ढकलली आणि वळली. जॅकेटमुळे तिला धड हात मारता येत नव्हते, तरी तिनं मारले. एक, मग दुसरा, मान बाजूला काढून श्वास. सुरुवातीला अडखळत, मग लांब लांब. आम्ही अंतर ठेवून वल्ह्यानं मागे मागे होतो. काठावर आधी कुणाला काही कळलं नाही. मग एक म्हातारी तोंडावर हात ठेवून ओरडली, "अगो बाय माझे! कुंदा पेवता!"

पुढं नुसता गलका. बायका गुडघाभर पाण्यात आल्या. आत्या वाळूवर हातापायांवर चढली, जरा वेळ तशीच राहिली, मग उभी राहिली. ओली सलवार पायाला चिकटली होती. तिनं ती पिळून सरळ गुडघ्याच्या वर खोचली. सगळ्यांनी पाय पाहिला. तीही पाहू देत उभी राहिली.

"कसा झाला ह्या?" कुणीतरी हळूच विचारलं.

"होडीच्या पंख्यान," ती म्हणाली. "खूप वर्षां झाली." आणि मिनेझिसांकडे वळून, "हीच होडी. ठरलं."

मिनेझिसनी मान हलवली. 

संध्याकाळी केस पुसत तिनं बाबांना फोन केला. मी शेजारीच होते. "अरे, मी आज पोहले," ती म्हणाली.  पलीकडून बाबांचं रडणं ऐकू आलं. "रडतोस काय वेड्या," आत्या म्हणाली, आणि स्वतःच डोळे पुसू लागली.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तू होडी गिऱ्हाइकांसाठी शोधतच नव्हतीस."

"त्यांच्यासाठीही," ती म्हणाली. "पण आधी माझ्यासाठी. तुला सांगितलं असतं तर तू मला जपत बसली असतीस."

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ती निळी होडी अजून चालते, तिच्यामागे किती जण उभे राहिले त्याची मोजदाद नाही. पण मला आठवते ती त्याच्या दुसऱ्या दिवशीची भरती. सकाळी मी होडी तयार करून जेटीला लावली. मिनेझिस मुक्कामाला राहिले होते, तेही किल्ली घेऊन आले. आणि जेटीच्या उतरणीवर बायका उभ्या होत्या. जाळी सुकवणाऱ्या, मासे विकणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या. कुणी गाऊनमध्ये, कुणी नवऱ्याचा शर्ट घालून. खाडीच्या काठावर जन्म गेला होता आणि त्यातल्या बहुतेकींना पोहता येत नव्हतं.

आत्या कमरेइतक्या पाण्यात उभी होती, एका बाईच्या पोटाखाली हात धरून. "पाय मार! अगो जोरान! मी धरलंय, बुडाचंस नाय!"

 किल्ली वर करून मिनेझिसनी विचारलं, "ताई, होडी काढायची ना?"

आत्यानं मान वळवली नाही.

"आज होडीक सुट्टी," ती म्हणाली.